'नेटिव्ह'च्या जागी 'भारतीय' लिहू नका

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणं हल्ली इथे बरीच फिरतात. मराठीत देताना मात्र एक गोष्ट सर्रास होते. मुळात जिथे जिथे 'नेटिव्ह' (शब्दशः, त्या भूमीत जन्मलेला) असेल तिथे 'भारतीय' लिहून मोकळं व्हायचं. मला हे फार खटकतं. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकारितेत या शब्दाचा अर्थ कोण बोलतंय, कुणाबद्दल आणि कुठे बसून, यावर ठरायचा. तो पुसला की बातमीचा अर्धा जीवच जातो.

इंग्लंडमध्ये तेव्हाच्या पेपरांत 'नेटिव्हज' विकायला असल्याची जाहिरात दिसली, तर ती कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची! व्हिट्स्टेबल, कोल्चेस्टरच्या किनाऱ्यावरच्या कालवांना हेच नाव होतं आणि त्यांना मानही होता. अमेरिकेत १८४०च्या दशकात 'नेटिव्ह अमेरिकन' नावाचा राजकीय पक्ष होता. तो तिथे जन्मलेल्या गोऱ्या प्रोटेस्टंटांचा, आणि त्याचा राग आयरिश कॅथलिकांवर. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा त्या नावाशी काडीचा संबंध नव्हता. ऑस्ट्रेलियातही १८७१ साली मेलबर्नमध्ये 'नेटिव्हज' म्हणवून घेत संघटना काढली ती तिथे जन्मलेल्या गोऱ्यांनीच.

हाच शब्द मुंबईच्या बंदरात उतरला की खाली घसरायचा. कोटाबाहेरची वस्ती नेटिव्ह टाऊन, पलटण नेटिव्ह इन्फन्ट्री, संस्थान नेटिव्ह स्टेट. 'रिस्पेक्टेबल नेटिव्ह' हा प्रयोग तर जरा थांबून वाचावा. प्रतिष्ठित असल्याचं वेगळं सांगावं लागतं, म्हणजे नुसत्या 'नेटिव्ह'मध्ये प्रतिष्ठा गृहीत धरलेली नाही. १८८३ साली इल्बर्ट बिल आलं, मुफसलातल्या, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या, देशी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवू द्यायचे की नाही हा वाद पेटला, तेव्हा गोऱ्यांच्या पेपरांतून 'नेटिव्ह मॅजिस्ट्रेट' हे शब्द धमकी असल्यासारखे छापले जात होते. तिथे 'भारतीय न्यायाधीश' लिहिलं की तो विखार कुठे उरतो?

माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट सरकारी दप्तरातली आहे. मुंबई सरकारचा भाषांतरकार दर आठवड्याला 'नेटिव्ह पेपर्स'चा गोषवारा वरिष्ठांसाठी तयार करायचा. मराठी, गुजराती पत्रं त्यात असणारच. पण टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८१ साली काढलेला 'मराठा'ही त्यात असायचा, आणि तो तर अख्खा इंग्रजीत निघे! म्हणजे इथे प्रश्न भाषेचा नव्हताच. पत्र कुणाचं, एवढंच बघितलं जाई. गोऱ्या मालकाचं पत्र ते पत्र, आपलं ते नेटिव्ह पत्र.

आणि तरीही १८६४ साली विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मुंबईत पत्र काढलं, त्याचं नाव ठेवलं 'नेटिव्ह ओपिनियन'. या माणसाच्या इंग्रजीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्यांना हा शब्द कसा वापरला जातो हे पुरतं ठाऊक असणार. त्यांनी तो मथळ्यावरच चढवला: आम्हाला नेटिव्ह म्हणता ना, मग त्या नेटिव्हांना स्वतःचं मत आहे. मला या नावाचा विलक्षण अभिमान वाटतो. त्याचं 'भारतीय मत' असं भाषांतर करून बघा, सगळी धार बोथट होते.

पुढे १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, भरली, तिच्या नावात मात्र 'इंडियन' आलं. दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली स्थापन झालेल्या काँग्रेसनं नावात 'नेटिव्ह' घेतलं. सॉल प्लाटये हे पत्रकार तिचे पहिले चिटणीस. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, तिथल्या गोऱ्या सरकारनं राखीव भागांबाहेर काळ्यांच्या जमीनखरेदीवर बंदी घालणारा कायदा केला, त्याच्याही नावात 'नेटिव्हज'! एकाच देशात, वर्षभराच्या अंतरानं, दोन विरुद्ध हातांत तोच शब्द. १९२३ साली त्या संघटनेनं तो सोडून 'आफ्रिकन' घेतलं. आपल्याकडे १८६४ला 'नेटिव्ह' आणि १८८५ला 'इंडियन' हा फरक दिसायचा, तर आधीच्या सगळ्या कात्रणांत 'भारतीय' घुसडून कसं चालेल?

म्हणून मी कात्रण मराठीत देताना 'नेटिव्ह' हा शब्द तसाच ठेवते, आणि खाली पेपरचं नाव, तारीख आणि मालक गोरा की देशी, एवढं लिहिते. तुम्हीही तसं करावं अशी कळकळीची विनंती आहे.