मिरची बाहेरची, म्हणून पिठलं-भाकरी परकी?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मिरची, शेंगदाणा, बटाटा, साबुदाणा सगळं पोर्तुगीजांच्या काळात आलं, ज्वारीसुद्धा आफ्रिकेची, तेव्हा 'पारंपरिक मराठी जेवण' हा निव्वळ भ्रम. शिवाय पिठलं-भाकरी लोक गरिबीपायी खात, आवडीने नव्हे. आणि कुठे काही लिहून ठेवलेलं नाही, घरोघरी कृती वेगळी, मग वारसा कसला?

यातलं खरं ते आधी मान्य करते. मिरची, शेंगदाणा, बटाटा अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो, तो कंदही तिकडचाच. पण ज्वारीला त्यांच्या रांगेत बसवणं चूक आहे. तिचं मूळ आफ्रिकेत असलं, तरी पोर्तुगीज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून ती आपल्या रानात आहे. आणि या यादीत काय नाही तेही बघा. तूर आणि कुळीथ इथलेच, तीळ इथलाच, कोकम सह्याद्रीचं. तूप घातलेला वरण-भात किंवा मिरीची फोडणी दिलेलं कुळथाचं पिठलं मिरचीवाचून अडत नाही.

गरिबीचा मुद्दा मला जास्त लागला. हो, गरिबी होती, आणि तिचं कौतुक मी करणार नाही. पण 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. मिलो म्हणजे ज्वारीचाच प्रकार. ज्यांनी तो खाल्ला त्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या मिलोच्या भाकरीची आठवण कुणी मायेने काढत नाही. निव्वळ पोट भरणं एवढाच प्रश्न असता, तर मिलो काय आणि आपली मालदांडी ज्वारी काय, सारखंच वाटलं असतं. उपाशीपोटीही माणसाला हा फरक कळत होता. पुढे रानात पुन्हा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, डोलला, तेव्हा लोक आवडीनेच त्याच्याकडे वळले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काही नाइलाजाने खाल्ल्या जाणाऱ्या धान्याला मिळत नसतं.

घरोघरी कृती वेगळी, हे तर माझ्याच बाजूचं बोलणं झालं. कुणाकडे पिठलं पातळ, कुणाकडे गाठीचं, कुणी ताकातलं करतं. जी गोष्ट रोज घरात होते, ती घरागणिक वेगळी होणारच.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. 12व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मांडे सापडतात. लिहिलं गेलं ते राजाचं ताट. शेतकऱ्याच्या घरची भाकरी हातातून हातात गेली, आणि ते ज्ञान किती बारीक आहे ते ती थापणाऱ्यालाच कळतं. गव्हाची कणीक चिकट असते, लाटली जाते. ज्वारीत तो चिकटपणा नाही. म्हणून पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापतानाच कडेने चिरते. माझी आई पीठ चिमटीत चोळूनच सांगायची, "विरी गेलीय, कढत पाणी घे." कढत पाण्याने पिठाला चिकटपणा येतो. मग परातीत तळहाताने रेटून रेटून मळायचं, कोरडं पीठ भुरभुरून एका हाताने थापत भाकरी गोल फिरवायची. तव्यावर टाकली की पीठ लागलेली बाजू वर, आणि तिच्यावर लगेच ओल्या हाताने पाणी फिरवायचं, म्हणजे ती तडकत नाही. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर शेकायची. पापुद्रा टम्म सुटला की आई तो बोटाने फोडून आत लोणी आणि मीठ घालायची, आणि ती पहिली भाकरी चुलीपाशी बसलेल्याच्या हातात द्यायची.