सिंगापूर महागच, पण ही बेटं महाग नाहीत

सिंगापूर सहलीवरच्या लेखात म्हटलंय की तिथे बेट म्हणजे फक्त सेंटोसा आणि तिथे खिसा रिकामा. अहो, सेंट जॉन्स आणि लाझारस ही बेटं राहिलीच की! मरीना साउथ पियर या धक्क्यापर्यंत एमआरटी (तिथली मेट्रो) जाते, तिथून फेरीबोटीचं जाऊन-येऊन तिकीट 15 सिंगापूर डॉलरच्या आसपास, बास, पुढे खर्चच नाही. आम्ही भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी गेलो, उरलेल्या चकल्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन (पाणी मात्र भरपूर न्या, ऊन काय मरणाचं असतं). सेंट जॉन्सला उतरायचं आणि बांधावरून चालत लाझारसला जायचं, अर्धचंद्रासारखी पुळण आणि वीकडेला माणूस नाही, समोर लांबवर मालवाहू जहाजं ओळीने उभी, ती बघत आईने चक्क झोप काढली. सेंट जॉन्सवर 1874 पासून साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायचे, आता मांजरं राज्य करतात, एकीने माझी दशमी पळवली. शेवटची फेरी कधी ते आधीच विचारून ठेवा हं, आम्ही धावत पकडली, आईची एक चप्पल हातात! आणि वीकेंडला जाऊ नका, तेव्हा यॉटवाले येतात आणि स्पीकर लावतात.