पाळकाने धंदा करावा का? फिरत्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

सोलापूरच्या ख्रिस्ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्याला मिळतो तो ‘आमेन’ लिहून पुढे ढकलतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: देवाच्या सेवकाने, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या पाळकाने, सेवेबाहेर एक रुपयाही कमवू नये. जो दुकान टाकतो, शिकवण्या घेतो, कुठला जोडधंदा करतो, त्याने पाळकपण सोडावं. आधाराला बायबलची वचनं दिलीत, लेवी (जुन्या करारातले मंदिराचे सेवक) आणलेत, जुने मिशनरी आणलेत आणि शेवटी ‘विश्वास असेल तर देव पुरवतो’ आहेच. मी एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. उपासना संपली की दानपिशवी माझ्यासमोर टेबलावर रिकामी होते. म्हणून हे उत्तर.

मेसेजचा मुख्य आधार १ करिंथ ९:१४ हा आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी, असं प्रभूने ठरवलं आहे. वचन खरंच आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने पुढची ओळ का गाळली? पंधराव्याच वचनात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की यातला कुठलाही हक्क मी वापरला नाही. अख्खा अध्याय हक्काबद्दल आहे. शिपाई स्वतःच्या खर्चाने लढाईला जातो का, द्राक्षमळा लावणारा त्याचं फळ खात नाही का, असे प्रश्न पौल मंडळीला विचारतोय. म्हणजे पाळकाला पोसायची जबाबदारी मंडळीवर टाकली आहे. पाळकाने हाताने काम करू नये, अशी बंदी त्यात कुठेच नाही. जी मंडळी स्वतःवरचा हुकूम पाळत नाही, ती तोच हुकूम पाळकाच्या गळ्यात बांधते, हे मला पटत नाही.

पौल स्वतः काय करत होता तेही बघा. प्रेषितांची कृत्ये १८:३ प्रमाणे तो करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून राहुट्या करायचा. इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांचा निरोप घेताना त्याने आपले हात दाखवले: माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या (२०:३४). थेस्सलनीकेकरांना तर रात्रंदिवस काम केल्याची आठवण करून देतो. आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. सीला आणि तीमथ्य हे त्याचे सोबती मासेदोनियाहून आल्यावर तो वचनाच्या कामातच गढून गेला असं १८:५ मध्ये आहे, आणि मासेदोनियाच्या बंधूंनी आपली गरज भागवल्याचं तो २ करिंथ ११:९ मध्ये लिहितो. आधार मिळाला की राहुट्यांची अवजारं बाजूला, नाही मिळाला की पुन्हा हातात. ज्यांना पाळक पूर्णवेळ हवा आहे, त्यांच्यासाठी रस्ता इथेच दाखवलाय.

‘दोन धन्यांची चाकरी करता येत नाही’ या मेसेजमधल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मत्तय ६:२४ धनाला धनी करण्याबद्दल आहे. ते वचन सगळ्या श्रोत्यांना सांगितलंय, त्यात रेल्वेतला क्लार्क आला, नर्सताई आल्या, मीही आलो. त्याचा अर्थ ‘नोकरी-धंदा करू नये’ असा लावायचा असेल तर आपल्या सगळ्यांना उद्या राजीनामे द्यावे लागतील.

लेव्यांचा मुद्दा मात्र मजेदार आहे. लेव्यांना वतन नव्हतं, ते दशांशावर (लोकांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर) जगायचे, म्हणून पाळकानेही तसंच जगावं, असं मेसेज म्हणतो. गणना ३५ उघडा. लेव्यांना अठ्ठेचाळीस नगरं दिली होती आणि प्रत्येक नगराभोवती गुरांसाठी कुरणं. गणना ८:२५ मध्ये पन्नाशीला सेवेतून निवृत्तीही आहे. आमच्या कुठल्या कमिटीने पन्नाशीला पाळकसाहेबांना घर आणि कुरण दिलंय? (पाळक बंगला तर निवृत्तीच्या दिवशी रिकामा करून मागतात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांची प्रतिष्ठापना केलेला माणूस साठीनंतर भाड्याची खोली शोधत फिरतो.) आणि नहेम्या १३ तर मेसेजवाल्यांनी वाचलेलाच दिसत नाही. लेव्यांचे वाटे मिळेनात, म्हणून ते आपापल्या शेतांवर पळून गेले. यहूदाचा राज्यपाल नहेम्या परत आल्यावर रागावला कोणावर? अधिकाऱ्यांवर. लेव्यांना त्याने बोल लावला नाही, त्यांना गोळा करून परत कामावर उभं केलं आणि धान्य, द्राक्षारस, तेल भांडारात येऊ लागलं.

जुन्या मिशनऱ्यांचं नाव घेताना जरा जपून. विल्यम केरी इंग्लंडमध्ये पाळक असताना जोडे शिवायचा आणि शाळा चालवायचा. बंगालात आल्यावर १७९४ पासून काही वर्षं मुदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला लागला, तिथे मराठीही शिकवली आणि १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं. बंगालातल्या श्रीरामपूरचं (सेरामपूर) मिशन तर केरी आणि त्याच्या दोन सोबत्यांच्या कमाईवरच मुख्यतः चाललं: केरीची नोकरी, मार्शमनच्या शाळा, वॉर्डचा छापखाना. बाकीचे बरेचसे मिशनरी पगारी होते हे खरं. पण तो पगार मायदेशातून यायचा. १८१३ पासून आपल्याकडे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमागे बोस्टनचं मिशन बोर्ड होतं. सोलापुरातल्या वस्तीच्या दानपिशवीवर कोणी तसं पूर्णवेळ जगलं असतं का, हा हिशेब कोणी मांडत नाही. आता बाहेरचा तोही ओघ आटलाय. २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत ज्या खेड्यातल्या पाळकाला महिन्याला आधार मिळायचा, त्याचा तो मार्ग बंद झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरणही मेसेजमध्ये आहे. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली, हे खरं. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. मंडळीच्या पंचकमिटीने ठराव करून त्यांना फकिरी दिली नव्हती.

‘धंदा करणारा पाळक मंडळीकडे बघत नाही’ या आरोपात तथ्य असू शकतं, म्हणून इथे थोडं थांबतो. माझ्या ओळखीचे एक पाळकसाहेब आहेत, एमआयडीसीकडे भाड्याच्या हॉलमध्ये उपासना घेतात. घरी शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा शिवतात, डझनाच्या भावाने. शेजारी पाळकीणबाई दोरे कापून घड्या घालतात. फोन खिडकीत ठेवलेला. सिव्हिलमध्ये कोणी अ‍ॅडमिट झालं असा फोन आला की सुई कापडात तशीच ठेवून मशीनवर चादर टाकतात आणि गाडीला किक मारतात. माल उशिरा गेला तर कारखानदाराची बोलणी खातात. त्यांच्या मंडळीत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, हजार बिड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर. त्यांच्या दानाच्या पाकिटात दहाची नोट असते आणि तीही मोठी असते. या बायकांनी आणखी द्यावं असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण उलट प्रकारही मी पाहिलेत. चेन मार्केटिंगची पावडर घेऊन पाळक घरभेटीला येतो. प्रार्थना झाली की बॅगेतून डबा निघतो. विधवा बाई नाही कशी म्हणणार? ज्याने तिच्या नवऱ्याला माती दिली त्याला नकार देणं तिला जमत नाही, आणि हे त्या पाळकालाही कळतं. प्लॉटचं बुकिंग, विम्याची पॉलिसी, भिशी, सगळ्याचं तेच. पिरॅमिड योजनांना तर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाईच केली आहे. मेसेजने एवढ्यावरच बोट ठेवलं असतं तर मीही आमेन लिहिला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की पाळकाने जोडकाम करावं, पण सभासदाला काही विकू नये, सभासदाकडून उसने घेऊ नयेत. काम काय आणि साधारण किती तास, हे कमिटीला लेखी कळवावं. नेमणूक करणाऱ्या चर्च संस्थेचे सेवानियम असतील तर परवानगी आधी. मंडळीचं खातं, हॉल, गाडी धंद्याला लावायची नाही, कारण ती सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आहे आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. आणि देवाचं काम म्हणून आयकर माफ होतो या भ्रमात राहू नये. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टरांच्या पगारातूनही टीडीएस कापला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

राहिला ‘देव पुरवतो’ हा मुद्दा. विमा आणि पेन्शन म्हणजे अविश्वास, असं मेसेज म्हणतो. मिसरात योसेफाने येणाऱ्या दुष्काळासाठी सात वर्षं धान्य साठवलं तेव्हा त्याचा विश्वास उडाला होता का? प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवन ज्योती ४३६ रुपये, दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं. अटल पेन्शनमध्ये १८ ते ४० वयात नाव घालता येतं, आयकर भरणाऱ्याला मात्र नाही, आणि साठीनंतर महिना १००० ते ५००० मिळतात. फार नाहीत. पण आमच्या भागातल्या किती तरुण पाळकांची नावं त्यात आहेत हे विचारलं तर बहुतेक कमिट्या एकमेकांकडे बघतील.

आमच्या वार्षिक सभेसाठी मी दोन विषय लेखी दिलेत. पाळकसाहेबांच्या पेन्शनचा हप्ता मंडळीने भरावा आणि हंगामाच्या सणाला (हार्वेस्ट फेस्टिव्हल) दानात आलेल्या वस्तूंच्या लिलावातला ठराविक भाग त्यांच्या निवृत्तीनंतरच्या घरासाठी वेगळ्या खात्यात टाकावा. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी आमचे सभासद त्या दिवशी आले, तर अनुमोदनाला सही लागणार आहे.