खुलासा : निऑन नूडल डिक ट्रेसीचा शत्रू नव्हे

‘द ग्रेट पिगी बँक रॉबरी’ (1946) या कार्टूनमधला निऑन नूडल चेस्टर गूल्डच्या ‘डिक ट्रेसी’ या गुप्तहेराच्या कॉमिकमधून उचलला, असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. गूल्डचा खराखुरा खलनायक यात आहे तो फ्लॅटटॉप. त्याच्या सपाट टाळक्यावरून विमानं उडतात, कारण अमेरिकी बोलीत विमानवाहू जहाजालाही फ्लॅटटॉपच म्हणतात! निऑन नूडल, रबरहेड वगैरे मंडळी दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटच्या चमूने गूल्डच्या नावांची टिंगल करत रचली. निऑनच्या नळ्यांच्या या भुताला कार्टूनचा नायक, बदक डॅफी डक, शेवटी पिळून हॉटेलची पाटी करून टाकतो. आणि हो, डॅफी यात ‘डक ट्वेसी’ आहे, तोही स्वप्नात.