घरात माग नाही, बिलात आहे

सोलापुरात मार्च महिन्यात दोन गोष्टी चढतात, ऊन आणि घरपट्टीची वसुली. उन्हावर अपील नाही. घरपट्टीवर आहे, पण ते करणाऱ्याला गल्लीत एक तर वकील समजतात, नाही तर रिकामटेकडा. प्रत्यक्षात त्याला लागतात मोजायचा टेप, भिंतीवरचं कॅलेंडर आणि उधारी चालवणारा झेरॉक्सवाला.

पूर्व भागातलंच उदाहरण घ्या. मागच्या खोलीत चार यंत्रमाग होते, धंदा बसला, माग भंगारात गेले. त्या खोलीत आता थोरल्या मुलाचा संसार आहे, कपाट आहे, पाळणा आहे. आकारणी रजिस्टरात मात्र तिथे अजून कारखानाच चालू आहे. म्हणून बिल बिगरनिवासी दराने येतं. पाळण्याला औद्योगिक दर लागतो, आणि त्यावर कुणाला हसूही येत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? तावातावाने महापालिकेच्या काउंटरवर जातो आणि आपली गोष्ट सांगायला लागतो. माझं ठाम मत आहे, गोष्ट सांगू नये. काउंटरवरच्या माणसाने सकाळपासून वीस गोष्टी ऐकलेल्या असतात. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘शहर का हद्दवाढ?’ म्हणजे मिळकत जुन्या शहरातली की नंतर जोडलेल्या भागातली. गावाची हद्द वाढली १९९२ साली, पण प्रश्न ताजा आहे. चुकीचं उत्तर दिलं की बरोबर रांगेतून चुकीच्या रांगेत जाता येतं. दुसरा प्रश्न मिळकत क्रमांकाचा. आपण घर नंबर सांगतो. मिळकत क्रमांक वेगळा असतो, तो जुन्या बिलावर छापलेला असतो आणि जुनं बिल घरी असतं.

आता गणिताकडे येऊ, कारण खरी भांडणाची जागा तीच आहे. भाड्यावर आधारलेल्या पद्धतीत घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल हे धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य. समजा ६०० चौरस फूट आणि फुटाला महिना २ रुपये. महिन्याचे १,२०० झाले, वर्षाचे १४,४००, त्यातून १,४४० गेले, राहिले १२,९६०. आता मोजणाऱ्याने जिना आणि पुढचं पत्र्याचं शेड धरून ७२० फूट लिहिले, तर तोच आकडा १५,५५२ होतो. टेप दोन-चार वीत जास्त ओढला गेला आणि वर्षानुवर्षांचं ओझं बसलं. म्हणून आधी स्वतः मोजा. आतून वेगळं, बाहेरून वेगळं, जिना वेगळा, शेड वेगळं. मग आकारणीचा उतारा आणि मोजणीपत्रक मागून दोन्ही शेजारी ठेवा. ‘कर फार आहे’ या वाक्याला उत्तर नसतं. ‘तुमच्या पत्रकात ७२०, जागेवर ६००’ याला द्यावंच लागतं.

उतारा मिळेना तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. सोलापुरी माणसाला दीडशे शब्दांत मजकूर बसवायला सांगणं म्हणजे कडक भाकरी न मोडता खायला सांगणं. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात, आणि त्यासाठी हरकतीची मुदत थांबत नाही. म्हणून आधी हरकत, मग माहिती. उलटं करणाऱ्यांच्या हाती झकास माहिती पडते आणि वेळ गेलेली असते.

मुदतीचं कोडं असं. मिळकत नव्याने नोंदली किंवा मूल्य वाढवलं की विशेष नोटीस येते. तिच्यावर छापलेले दिवस ती हातात पडल्यापासून मोजायचे. ती हातात कुणाच्या पडते? आजीच्या. आजी सही करते आणि नोटीस देव्हाऱ्याच्या मागे सरकवते, कारण सरकारी कागद पवित्र. पाकीट आलं की त्यावरच तारीख टाकायची, एवढा एक नियम घरात लावावा.

हरकतीचा अर्ज आयुक्तांच्या नावाने, दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का. ‘ठेवा की, बघलालो’ हे शब्द म्हणजे पोच नव्हे. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत बसावं. बाकं त्यासाठीच असतात.

माग मोडीत काढल्याचा पुरावा मात्र नीट जमवावा लागतो. रिकाम्या खोलीचा फोटो हा कच्चा पुरावा, कारण माग शेजारच्या खोलीत सरकवले असतील असा संशय घेता येतो. भक्कम कागद म्हणजे वीज कंपनीने मागाचं कनेक्शन कायमचं तोडल्याचा अहवाल. त्याच्या खालोखाल भंगारवाल्याची तारखेची पावती आणि हल्लीची घरगुती दराची वीजबिलं. हे जोडून जागेची पाहणी करावी अशी लेखी मागणी करायची. निरीक्षक येतो, दारातूनच विचारतो, ‘अण्णा, माग हायत का अजून?’ त्याला आत न्यायचं, पाळणा दाखवायचा, चहा पाजायचा आणि पंचनाम्यात ‘निवासी वापर’ हे दोन शब्द स्वतः वाचून मगच सही करायची.

सुनावणी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यासमोर होते आणि पटकन उरकते. तिथे चार कागद क्रमाने पुढे करावेत. शेजाऱ्याला किती कमी कर आहे हे चुकूनही बोलू नये, नाही तर त्याचाही वाढतो आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तो तोंड फिरवून जातो.

निकाल लेखी घ्या, सही-शिक्क्याची प्रत घ्या. तो पटला नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली दिवाणी न्यायालयात अपील आहे. पंधरा दिवसांत. आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. त्यात बिल हातात पडलेलं असेल, तर मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे जो आकडा चूक आहे असं आपलं म्हणणं, तोच भरून म्हणायचं की तो चूक आहे. तर्काला हे झेपत नाही, पण थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते हे खिशाला झेपत नाही. सोबत ‘हरकत राखून भरणा’ असं पत्र द्यावं आणि त्याचीही पोच घ्यावी.

नावातली चूक या भानगडीत घुसडू नये. बिलावर कोळीचं केळी झालं असेल, तर त्याला वेगळा अर्ज, वेगळा टेबल आणि वेगळा जेवणाचा वेळ.

आणि जिंकलात तर पेढे लगेच वाटू नका. दुरुस्ती रजिस्टरात होते, बिल संगणकातून निघतं, आणि दोघांची बोलचाल असेलच असं नाही. एप्रिल उलटला की नवं बिल काढून पाहा. मागच्या खोलीत माग पुन्हा सुरू झालेले दिसले, तर निकालाची प्रत घेऊन संगणक विभागात जा. तिथे पहिला प्रश्न येईल, ‘शहर का हद्दवाढ?’