सिस्टरचा पुढाकार तिच्या बायोडेटात शोधू नका

परिचारिकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका, स्वतःहून काही करील की नाही, हे म्हणे तिचं शिक्षण, वय आणि घर बघूनच कळतं. बीएस्सी नर्सिंगची पदवी झालेली, तरुण, संसार नसलेली असेल तर वॉर्ड सुधारतो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, पन्नाशीची, लेकुरवाळी असेल तर नुसती रजिस्टरं भरली जातात. हे वाचून मला वाईट वाटलं.

शिक्षणाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. चार वर्षांच्या बीएस्सीत संशोधन आणि व्यवस्थापन शिकवतात, त्यामुळे मेट्रनपुढे, म्हणजे रुग्णालयाच्या परिचारिकांच्या प्रमुखांपुढे, लेखी प्रस्ताव मांडणं सोपं जातं. पण गरज पडण्याआधीच श्वासनलिकेत नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते पाहणं, एक्स्पायरीला आलेलं ॲड्रिनॅलिन हे आणीबाणीचं इंजेक्शन स्टोअरमधून बदलून आणणं, हाही पुढाकारच. तो मी जीएनएम सिस्टरांकडून शिकले.

आता वय. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) होते ती मुख्यतः सेवाज्येष्ठतेने. तिथे वय, अनुभव आणि पद एकमेकांत इतके गुंतलेले असतात की दोष एकट्या वयाला देता येत नाही. माझंच सांगते. बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) वाढले म्हणून मी दर दोन तासांनी कूस बदलण्याचे तक्ते खाटांना लावले. राउंडला वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "परवानगी कोणाची?" तक्ते निघाले. त्यानंतर कितीतरी दिवस मी काही सुचवलं नाही. तक्ते लावणारी आणि गप्प बसलेली, दोघींचं शिक्षण, वय, घर तेच होतं.

संस्थांमधल्या कामाच्या वातावरणाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ युनिटांमधला औषधांच्या चुकांचा अभ्यास मांडला. जिथे नेतृत्व चांगलं, तिथे चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथल्या नर्सेस चूक सांगायला घाबरत नव्हत्या, हे त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण. स्वभावाचा वाटा असतो, तो मी नाकारत नाही. पण बोलल्यावर काय ऐकावं लागतं, याचा हिशोब त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

लहान मुलं असलेली सिस्टर ड्युटी संपल्यावर थांबत नाही, हे खरं. जास्त वेळ थांबणं म्हणजे पुढाकार, हे कोणी ठरवलं?

आणि मनुष्यबळाचं काय? अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. नाइटला चाळीस रुग्णांमागे दोघीच असतील, तर इमर्जन्सी ट्रॉली तपासायला बीएस्सीवालीलाही वेळ मिळत नाही.