मेंदूदानावरचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

‘सावधान! मेंदूदानाच्या कागदावर सही करू नका’ या मथळ्याचा मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भावकीच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: डॉक्टर डोकं धडावेगळं करतात, घरच्यांना तोंडही बघायला मिळत नाही. कवटी उघडली की कपालक्रिया होत नाही. मेंदू मिळावा म्हणून माणसाला आधीच ‘ब्रेन डेड’ ठरवतात. मग तो परदेशात विकतात, नाहीतर दुसऱ्याला बसवतात. रोगाने खाल्लेल्या मेंदूचा तसाही कुणाला उपयोग नाही, रोग तर कळलेलाच असतो. शिवाय बेळगावहून हे जमतच नाही आणि देहदानही हातचं जातं. शेवटी, दहा जणांना पाठवा.

नात्यातल्या एका घरात पार्किन्सनचा रुग्ण शेवटच्या टप्प्यात आहे. मृत्यूनंतर मेंदू तपासणी आणि संशोधनासाठी द्यायचा, म्हणजे मेंदूदान करायचं, हे त्यांनी बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलंय. मुलांचीही तयारी होती. हा मेसेज आत्याबाईंच्या फोनवर आला आणि आता त्या घरात रोज वाद आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

डोकं कापून नेतात, हे धादांत खोटं. चेहऱ्यावर कुठेच चीर येत नाही. ती एका कानामागून निघून टाळूवरून दुसऱ्या कानामागे, केसांतून जाते. कातडी पुढे-मागे दुमडतात, कवटीचा वरचा झाकणासारखा भाग करवतीने गोल कापून उचलतात, मेंदूवरचं जाड आवरण उघडतात. मग खालच्या नसा आणि रक्तवाहिन्या एकेक करून तोडतात, शेवटी मज्जारज्जू छेदतात आणि मेंदू दोन्ही हातांवर घेतात. वजन साधारण 1200 ते 1400 ग्रॅम. अल्झायमरमध्ये झिजून ते हजाराच्या आसपासही आलेलं असतं. नंतर कवटीत कापूस भरून झाकण जागच्या जागी बसवतात आणि कातडी ओढून शिवतात. तास-दोन तासांचं काम आहे.

केस असतील तर शिवण दिसत नाही. टक्कल असेल तर दिसते. तिथे टोपी, फेटा किंवा पदर पुरतो. घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळायच्या. अंघोळ घालताना डोक्यावरून तांब्या ओतायचा नाही, ओल्या कापडाने पुसायचं. आणि डोकं उशीवर उंच ठेवायचं, कारण सपाट ठेवलं तर शिवणीतून रक्तमिश्रित पाणी झिरपतं आणि मग ‘काहीतरी भयंकर केलंय’ अशी कुजबुज सुरू होते. शवागारातून निघतानाच शिवणीवर कापूस आणि घट्ट पट्टी मागून घ्या. लिंगायत घर असेल आणि बसवून समाधी द्यायची असेल, तर ते तिथल्या माणसाला आधी सांगा, म्हणजे तो शिवण जास्त जवळ-जवळ घालतो.

कपालक्रियेचं म्हणाल तर कवटी झाकणासकट चितेवर असते, तिच्यातलं काही कमी झालेलं नसतं. अपघातात गेलेल्या माणसाच्या पोस्टमॉर्टेममध्ये डोकं असंच उघडतात, आणि अशा माणसांचे अग्नीपासून तेराव्यापर्यंतचे सगळे विधी आपल्या गावांत बिनबोभाट होत आलेत. तेव्हा जो प्रश्न कुणाला पडला नाही, तो मेंदूदानालाच का पडावा? तरी मनात किंतु असेल तर आपल्या गुरुजींना विचारा, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नको.

‘ब्रेन डेड ठरवून मेंदू घेतात’ हा मुद्दा लिहिणाऱ्याला या विषयातलं काहीच कळत नाही, हे एका वाक्यात सांगतो. ब्रेन डेथ ही मूत्रपिंड, यकृत, हृदय अशा अवयवदानासाठीची अवस्था. तिथे चार डॉक्टरांचं मंडळ, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केलेल्या चाचण्या, असा कायदा आहे. त्या अवस्थेत हृदय चालू असतं, पण मेंदूचा रक्तपुरवठा थांबलेला असतो आणि व्हेंटिलेटरवर राहिलेला मेंदू आतल्या आत विरघळत मऊ लगदा होत जातो. म्हणजे मेंदूच्या अभ्यासाला सगळ्यात निरुपयोगी मेंदू कुठला, तर हाच. मेंदूदान होतं ते श्वास आणि हृदय दोन्ही थांबून, डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिल्यानंतरच. कुणाला मेंदू हवा असेल तर तो रुग्णाला ब्रेन डेड करून स्वतःचंच नुकसान करील.

विक्री आणि प्रत्यारोपणाबद्दल फार लिहीत नाही. मेंदू दुसऱ्याला बसवण्याची शस्त्रक्रिया जगात कुठेही होत नाही. अवयवांच्या व्यापाराला 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात, 2011 च्या दुरुस्तीनंतर, 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड आहे. मेंदूसोबत रुग्णाची फाइल नसेल, म्हणजे आजार कधी सुरू झाला, कुठली औषधं लागू पडली, एमआरआयमध्ये काय दिसलं, तर त्या मेंदूची संशोधनातली किंमत जवळपास संपते. चोरून विकायला ठेवण्याजोगी वस्तूच नाही ती. दान देणाऱ्या घराला पैसे मिळत नाहीत, हे मात्र खरं, आणि तसंच असायला हवं.

आता ज्या वाक्याचा खरा राग येतो ते: ‘रोगी मेंदूचा काय उपयोग, रोग तर कळलेलाच आहे.’ यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ते वाचताना शहाणपणाचं वाटतं.

पार्किन्सनच्या घरांत सकाळ-दुपार-संध्याकाळ घड्याळ लावून दिली जाणारी सिन्डोपाची गोळी घ्या. तिच्यात लेव्होडोपा असतं, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. ते द्यायचं हे सुचलं कशावरून? 1960 साली व्हिएन्नात हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यांच्या ठरावीक भागांत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, अगदी तळाला गेल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिलं गेलं आणि अंथरुणावर थिजलेली माणसं काही काळ उठून चालली. रोगी मेंदूंमधूनच ही गोळी आली. मेसेज लिहिणाऱ्याच्या घरातही कदाचित तिची पट्टी असेल.

दुसरं, ‘रोग कळलेलाच आहे’ हे. लंडनच्या ब्रेन बँकेत, म्हणजे दान मिळालेले मेंदू जपून अभ्यासायला देणाऱ्या संस्थेत, 1992 साली एक तपासणी प्रसिद्ध झाली. जिवंतपणी मेंदूविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन असं निदान केलेले 100 रुग्ण, मृत्यूनंतर त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली. खरा पार्किन्सन निघाला 76 जणांत. बाकीच्या 24 जणांत पीएसपी, एमएसए (दोन्ही पार्किन्सनसारखे दिसणारे पण वेगळे मेंदूविकार), अल्झायमर असं वेगळंच काही. त्यानंतर निदानाचे निकष सुधारले ते याच चुका समजल्यामुळे. कंपवात म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या, पण माणूस पहिल्या वर्षापासून मागच्या मागे पडत होता, नजर खाली वळवता येत नव्हती, गोळीचा म्हणावा तसा गुण नव्हता, अशी कहाणी असेल तर तो पीएसपी असू शकतो. त्याचं पक्कं उत्तर आजही मेंदूच्या कापातच मिळतं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारात पेशींमध्ये साचणारं टीडीपी-43 हे प्रथिन 2006 साली ओळखलं गेलं, तेही दान मिळालेल्या मेंदूंमध्येच. उंदरांत हे आजार जसेच्या तसे होत नाहीत, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण काढून देणार? निरोगी मेंदूही लागतात, तुलनेसाठी. ते तर आणखी दुर्मीळ.

घरच्यांना यातून काय मिळतं? काही महिन्यांनी येणारा अहवाल. त्यातलं निदान आनुवंशिक आजाराचं निघालं तर मुलांनी काय तपासायचं, कुणाशी बोलायचं, हे ठरवता येतं. असं काही ऐकायचं नसेल तर तसंही आधी सांगून ठेवता येतं.

मेसेजमधला बेळगावचा मुद्दा मात्र पूर्ण उडवून लावता येत नाही. बेळगावहून हे अवघड आहे. 1995 पासून मानवी मेंदूंची बँक चालवणारं निम्हान्स हे मेंदू आणि मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ बेंगळुरूला आहे, रस्त्याने 500 किलोमीटर, ॲम्ब्युलन्सने आठ-नऊ तास. मेंदू मृत्यूनंतर जितक्या लवकर निघेल तितका चांगला; सहा ते बारा तासांत उत्तम, शव थंड ठेवलं असेल तर चोवीस तासांपर्यंत. रात्री दोनला मृत्यू झाला, सकाळी पुण्याच्या मुलाची वाट पाहिली, दुपारी चर्चा सुरू झाली, की संपलं. शिवाय परतीचे तेवढेच तास, म्हणजे अंत्यविधी दुसऱ्या दिवशी. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. तयारी आधी केलेली हवी, एवढंच.

ती अशी. रुग्ण हयात असतानाच ब्रेन बँकेशी बोलून घ्या: आमच्या आजाराचा मेंदू घ्याल का, रात्री-सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा, शव आणायचं की इथल्या मेडिकल कॉलेजमध्ये काढून पाठवलेला चालेल. हा शेवटचा प्रश्न बेळगावकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टमार्फत इथल्या पॅथॉलॉजी विभागाशी आधी ठरलं, तर मेंदू इथेच काढून 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवता येतो. त्यासाठी मेंदूच्या आठ-दहा पट द्रावण मावेल अशी मोठी बादली लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून तो बादलीत उलटा तरंगता टांगतात, कारण तळाला टेकला तर त्या बाजूने चपटा होऊन बसतो आणि काप वाकडे येतात. दोन-तीन आठवड्यांत तो घट्ट होतो. मग घाई उरत नाही. निदानासाठी असा मेंदू पुरतो. आरएनएसारख्या, पेशींतल्या लवकर नासणाऱ्या रेणूंच्या नाजूक अभ्यासासाठी मात्र ताजा, उणे 80 अंशांना गोठवलेला भाग लागतो, तो यातून मिळत नाही.

मृत्यूनंतर लगेच शवपेटीत थंड ठेवा, पेटी येईपर्यंत डोक्याभोवती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बर्फ. प्रवासासाठी कुणी फॉर्मॅलिनचं इंजेक्शन सुचवलं तर ब्रेन बँकेला विचारल्याशिवाय देऊ नका, ताज्या ऊतींचा उपयोग तिथेच संपतो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, आधारच्या प्रती आणि रुग्णाची फाइल एमआरआयच्या सीडीसकट एका पिशवीत. कावीळ बी-सी, एचआयव्ही असेल तर लपवू नका. काही आठवड्यांत झपाट्याने बुद्धी गेली असेल आणि सीजेडीची, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या दुर्मीळ मेंदूविकाराची, शंका असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. त्या आजारातलं प्रथिन फॉर्मॅलिनने मरत नाही, काढणाऱ्यांना वेगळी खबरदारी घ्यावी लागते. आणि एक अडचण बहुतेकांना ऐनवेळी कळते: पार्किन्सनचा रुग्ण पडून, खुब्याचं हाड मोडून किंवा डोक्याला मार लागून गेला, तर प्रकरण पोलिसांकडे जाऊ शकतं. मग पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम आधी, मेंदूदानाचा विचार त्यांच्या परवानगीने नंतर.

देहदानाबद्दलचं म्हणणं निम्मं खरं. मेंदू काढताना गळ्यातून वर जाणाऱ्या धमन्या कवटीच्या तळाशी तुटतात, त्यामुळे नंतर शव टिकवण्याचं द्रावण भरताना ते तिथून गळतं. म्हणून शरीररचना विभाग सहसा असा देह घेत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. देहदानाला आपल्या भागात नवखं कुणी मानत नाही, बैलहोंगलच्या डॉ. महांतेश रामण्णवर यांनी 2010 साली बेळगावात स्वतःच्या वडिलांच्या दान केलेल्या देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं होतं, ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. नेत्रदानाला मात्र मेंदूदान आड येत नाही. डोळे सहा तासांच्या आत, घरी येऊनही घेतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस आणि पंखा बंद.

राहिली सहीची गोष्ट. रुग्णाने जिवंतपणी फॉर्म भरला असला तरी मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची संमती घेतल्याशिवाय कुणी मेंदूला हात लावत नाही. ऐनवेळी दारात एक जण जरी ‘नाही’ म्हणून उभा राहिला तरी काम थांबतं. म्हणून आत्याबाईंना गप्प करून उपयोग नाही. रुग्ण समोर असताना, त्याच खोलीत, हे सगळं त्यांच्यासमोर वाचून दाखवा आणि त्यांचे प्रश्न ऐकून घ्या. फॉर्म मराठीत मिळेल या भरवशावर बसू नका. कन्नड किंवा इंग्रजी नीट वाचणारं घरातलं माणूस शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घ्या, न समजलेल्या ओळीवर सही नको. अहवाल कुणाच्या नावाने, कुठल्या पत्त्यावर यायचा, तेही त्याच बैठकीत ठरवून फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.